काळ्या रंगावरच्या रेघा

कोरड्या फडक्याने गाडी पुसणाऱ्या माणसाला माझे वडील चहा विचारत नसत. आमच्याकडे येणाऱ्या ड्रायव्हर मंडळींपैकी निम्म्यांच्या खांद्यावर पिवळा फडका असायचा, त्यामुळे आईची बरीच साखर वाचली. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. सातपूरच्या एका कारखान्यात, रंगखात्यात त्यांचं तरुणपण गेलं. कारखान्याला टाळं लागल्यावर त्यांनी घराला लागून चार पत्रे ठोकले, शेड उभी केली आणि लोकांच्या गाड्या धुऊन, पॉलिश करून द्यायला सुरुवात केली. त्यांच्या कारखान्याचा भोंगा थांबला होता, पण शेजारच्या दोन कारखान्यांचे वाजत होते आणि दादा त्या परक्या भोंग्यांवर उठायचे. सकाळच्या पाळीचे लोक सायकलींवरून खडखडत जायला लागले की दादा रस्त्याकडे पाठ करून बादल्या विसळत बसायचे. शेवटची सायकल गेली की मान वर.

आई इगतपुरीकडची. घरात नागलीच्या भाकरीला आणि खुरासणीच्या चटणीला पर्याय नव्हता आणि असावा असं कुणाला वाटतही नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरात दोन स्टोव्ह होते. एकावर कालवण, दुसऱ्यावर दादांचे रिठे उकळत असायचे, कारण धुण्याची पावडर काळ्या रंगाचं तेज खाते असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा ताईने घाईत रिठ्याचं पाणी डाळीत ओतलं. दादांनी एक घास खाल्ला आणि फेस चांगला आलाय म्हणाले. ताई म्हणजे सुजाता, माझी थोरली बहीण. मी विशाखा, पण घरात विशू. घरात आम्ही चौघं आणि बाहेर शेडमध्ये एखादी पाहुणी गाडी; पाहुणीची सरबराई बहुधा आमच्यापेक्षा बरी असायची.

त्यातही काळी गाडी आली की घराचा सूर बदलायचा. "पांढरी गाडी पोटात ठेवती," दादा म्हणायचे. "काळी समद्या गावाला सांगती." तिला उन्हात हात लावायचा नाही. आधी नुसतं पाणी, वरून खाली, धारेने, म्हणजे धूळ आपली आपण वाहून जाते. धुळीला फडक्याने ढकलत न्यायचं नाही. मग रिठ्याचा फेस टाकून थांबायचं. हे थांबणं सगळ्यांत अवघड. फेस धुळीला सोडवत असतो तोवर माणसाने विडी ओढावी, पुस्तक वाचावं, काहीही करावं, पण गाडीपासून लांब राहावं. मग फडका, तोही आईच्या जुन्या लुगड्याचा, काठ आणि टीप कापून टाकलेला. एक बादली फेसाची, दुसरी फडका पिळायची. दोन्हींची सरमिसळ झाली तर दादा दोन्ही ओतून देत. फडक्यावर हाताचा भार टाकायचा नाही. आणि हात फिरवायचा तो सरळ, पुढून मागे, एका दिशेला. गोल कधीच नाही. गोल ओरखड्यावर उजेड कुठूनही पडला तरी तो चमकतो, सरळ ओरखडा एका बाजूनेच दिसतो. फडका जमिनीवर पडला तर तो पुन्हा रंगाला लावायचा नाही. त्याची बदली चाकांवर व्हायची. शेडमध्ये शिरताना घड्याळ, बांगड्या, पट्ट्याचं बक्कल बाहेर. आई म्हणायची, "तुमच्या जिवंतपणी मी बांगड्या काढायची नाय." त्यामुळे तिला शेडमध्ये कायमचा मज्जाव होता आणि ती या नियमावर मनातून खूश होती.

परवा माझ्या भाच्याने मला गंगापूर रोडच्या, गाड्या चमकवून देणाऱ्या एका डिटेलिंग स्टुडिओत नेलं. स्टुडिओ हा शब्द पूर्वी फोटो काढण्याच्या जागेला वापरत. आत दवाखान्यासारखे दिवे, हातमोजे घातलेली मुलं आणि भिंतीवर इंग्रजीत ब्रीदवाक्य. एका मुलाने गाडीवर पांढऱ्या फेसाचा थर दिला आणि हात मागे घेऊन उभा राहिला. मी विचारलं, आता काय? तो म्हणाला, "थांबायचं, आजी. फोम काम करतो." मी त्याला रिठ्यांचं काही सांगितलं नाही. पण त्याचं थांबणं पाहून मला बसायला खुर्ची मागावी लागली.

तर, अध्यक्षसाहेबांची गाडी. ताई ज्या शाळेत शिकवत होती त्या संस्थेचे ते अध्यक्ष. ताई तिथे तीन वर्षं हंगामी होती. दर उन्हाळ्यात तिची नोकरी संपायची आणि जूनमध्ये, साहेबांची मर्जी असेल तर, पुन्हा सुरू व्हायची. त्या वर्षी तिला कायम करण्याचा शब्द मिळाला होता. शब्द म्हणजे काय, तर साहेब हेडमास्तरांना म्हणाले होते, "बघू." संस्थेत या एका शब्दावर लग्नं ठरत. ताईचंही अडलं होतं. मुलाकडच्यांनी 'ऑर्डर आली की कळवा' असा निरोप ठेवला होता. आमचं अख्खं घर तेव्हा त्या एका कागदाकडे डोळे लावून बसलं होतं. कारखाना गेल्यावर ताईच्या पगाराशिवाय महिन्याच्या महिन्याला येणारं घरात दुसरं काही नव्हतं.

साहेबांनी परदेशी बनावटीची एक लांबलचक गाडी कुणाकडून तरी घेतली होती. मूळची ती मरून रंगाची होती, पण मरून रंगात पुढारी शोभत नाही असं त्यांना कुणीतरी पटवलं आणि त्यांनी ती काळी करून आणली. ज्याने रंग मारला त्याने घाई केली होती. रंग मऊ राहिला होता. दादांनी पहिल्याच दिवशी दाराच्या खालच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, नख टेकवलं आणि मला बोलावून दाखवलं. बारीक चंद्रकोर उमटली होती.

"लोणी हाय हे," ते म्हणाले. "आणि थरबी पातळ. एकदा घासलं, दोनदा घासलं, की खालचं अस्तर बाहेर येईल. हिचा वरचा थर कापून चकाकी आणायची सोय नाय. आहे तीच सांभाळायची."

दसऱ्याला साहेबांचा गौरव होता. संस्थेच्या पटांगणापासून मिरवणूक, उघड्या खिडकीतून नमस्कार, फोटो. ते स्वतः दोनदा गाडी पाहायला आमच्या शेडवर आले. पहिल्यांदा त्यांनी बॉनेटवर वाकून पाहिलं. आम्हाला वाटलं, रंग पाहताहेत. त्यांनी खिशातून कंगवा काढला.

"आरसा पाहिजे, पगारे," ते म्हणाले. "लोकांना त्यात आपला चेहरा दिसला पाहिजे."

"लोकांचा का तुमचा, साहेब?" मी विचारलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि वाचनालयातली पुस्तकं चार-चार दिवसांत संपवत होते; त्यामुळे जगाबद्दल माझी काही मतं झाली होती. दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ताबडतोब बादली उचलली. साहेब हसले. "ही धाकटी का? हिला वक्तृत्व स्पर्धेत घाला."

आठ दिवस दादा त्या गाडीशी झगडले. झगडले म्हणजे जवळजवळ काहीच केलं नाही. मऊ रंगाशी झगडण्याची तीच रीत असते. रोज पहाटे पाणी, फेस, थांबणं, एक सरळ हात. मग बोटाच्या पेराने मेण, इतकं पातळ की लावलंय की नाही कळू नये. मेण बारीक रेघांमध्ये भरतं आणि त्या झाकतं. चार-पाच दिवसांनी उतरलं की रेघा जिथल्या तिथे. उजवी बाजू दादा करायचे, डावी मी. मला मनातून वाटायचं की माझी बाजू जास्त चांगली झाली आहे. एका संध्याकाळी दादाही म्हणाले, "हात बसला तुझा." बाकी ते कुणाची स्तुती करत नसत. ते वाक्य मी बरेच दिवस पुरवून वापरलं.

दसऱ्याला सकाळी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात गेलो. वंदना झाली, खीर झाली, आणि बाहेर पडतो तो साहेबांचा ड्रायव्हर रामनाथ जीप घेऊन उभा. "पगारे, चला. वहिनीसाहेबांनी बोलावलंय. शेवटचा हात मारून जा म्हणल्या." वहिनीसाहेब म्हणजे अध्यक्षीणबाई. त्याच्या खांद्यावर पिवळा फडका होता. दादांनी तो पाहिला, पण सणाचा दिवस म्हणून काही बोलले नाहीत. वाटेत घरून त्यांनी धुतलेले फडके आणि नळाच्या पाण्याचा एक कॅन घेतला, कारण बंगल्यावर बोअरचं पाणी होतं आणि बोअरच्या पाण्याचा थेंब काळ्या रंगावर वाळला की पांढरी टिकली ठेवून जातो. मी हट्टाने बरोबर गेले.

बंगल्यावर ताई आधीच होती. संस्थेतल्या सगळ्या हंगामी बाया रांगोळ्या काढायला बोलावल्या होत्या; कायम झालेल्या घरी सण करत होत्या. पोर्चमध्ये गाडी उभी होती आणि तिची पूजा नुकतीच झाली होती. वहिनीसाहेबांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं होतं, हळदीकुंकू पाण्यात कालवून, चांगलं ताटाएवढं. वर अक्षता. पाणी जास्त झाल्यामुळे स्वस्तिकाच्या दोन टोकांना ओघळ आले होते आणि ते गाडीच्या पुढच्या दिव्यापर्यंत पोचून वाळले होते. झेंडूचा हार तारेत ओवलेला होता. दादांनी आधी एकही शब्द न बोलता हाराखालची तार सोडवली.

"वहिनीसाहेब, हे भिजवून काढावं लागंल," ते म्हणाले. "कुंकवात कचकच असती. तांदूळबी चिकटलेत. एका कॅनात व्हायचं नाय. मी अजून पाणी घेऊन येतो, अर्धा तास."

"भिजवा, काय करायचं ते करा. मला ते ओघळ नकोत. फोटोत बरं दिसत नाही. पुसून झालं की मी नवं काढते, लहानसं."

जवळचा नळ मागच्या वसाहतीत होता. जीप पाहुणे आणायला गेली होती. दादांनी माळ्याची सायकल घेतली, दोन कॅन अडकवले आणि मला म्हणाले, "आहे ते पाणी फडक्यावर घेऊन वर नुसता टाकून ठेव. भिजत राहू दे. गाडीला कुणाला हात लावू द्यायचा नाय. तूबी लावायचा नाय."

मी ओला फडका स्वस्तिकावर पसरून ठेवला आणि पहाऱ्यावर उभी राहिले. ऑक्टोबरचं ऊन पोर्चमध्ये तिरपं यायला लागलं होतं. फडका वाळत होता, मी त्यावर ओंजळीने पाणी टाकत होते, कॅन संपत आला होता. पंचवीस मिनिटं झाली असतील. फोटोग्राफर आला. मग वहिनीसाहेब आल्या, नवी साडी नेसून.

"काय गं, झालं नाही अजून? साहेब तयार होऊन खाली येताहेत."

"दादा पाणी आणायला गेलेत. पाण्याशिवाय पुसता येणार नाही."

"अगं, कुंकू आहे ते, डांबर नाही. पूस पटकन."

"रंग मऊ आहे. रेघा पडतील."

"तू पगाऱ्याची मुलगी ना? त्याच्याबरोबर तूच काम करतेस ना? मग तुला येत नाही का पुसता?" वहिनीसाहेब अजिबात रागावलेल्या नव्हत्या. त्यांचा आवाज मुलाला औषध पाजणाऱ्या बाईसारखा होता.

रांगोळीवरून ताई उठून आली. तिच्या दोन्ही हातांना रंग लागले होते. वहिनीसाहेबांकडे न बघता ती मला हळूच म्हणाली, "विशू, पूस ना. हळू पूस. तुझा हात चांगला आहे."

माझा हात चांगला होता, हेच खरं कारण. मला ताईची काळजी होती, बाईंची भीती होती, हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. पण त्या क्षणी मला असं वाटलं की मी हे करू शकते. बाकी कुणी केलं तर रेघा पडतील, मी केलं तर नाही. मी बांगड्या काढल्या. घड्याळ काढलं. सगळे नियम पाळले, एक सोडून. फडका उचलून उलटा केला आणि पुढून मागे, सरळ, एका दिशेला पुसत गेले. पहिल्या हातालाच फडक्याखाली तांदळाचे तुकडे रखरखल्याचं मला कळलं. कळलं आणि मी थांबले नाही, कारण आता अर्धं पुसलेलं त्याहून वाईट दिसत होतं. पाच-सहा हातांत स्वस्तिक गेलं. त्या जागी गुलाबीसर धुकं राहिलं आणि ऊन एका बाजूने आलं तशा त्यात रेघा दिसल्या, एकमेकींना समांतर, वहीत आखल्यासारख्या.

"बघ, निघालं की," वहिनीसाहेब म्हणाल्या आणि आत कुंकवाची वाटी आणायला गेल्या. ताईला रेघा दिसल्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती रांगोळीकडे निघून गेली.

वाटी यायच्या आधी साहेब आले. त्यांच्यामागे हारतुरेवाले, हेडमास्तर, दोन नगरसेवक. साहेब फोटोसाठी बॉनेटजवळ उभे राहिले, सवयीने वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"हे काय आहे?"

त्याच वेळी दादा सायकलवरून फाटकातून आत आले. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकत होते. ते उतरले, सायकल भिंतीला टेकवली, बॉनेटपाशी आले. त्यांनी रेघा पाहिल्या. रामनाथ कधीचा परत येऊन शेजारी उभा होता, पिवळा फडका खांद्यावर, आणि तिथल्या प्रत्येकाची नजर आधी त्या फडक्यावरच गेली होती. रामनाथही ते ओळखून "मी नाय, मी नाय" म्हणायला लागला होता. पण रामनाथ गोल पुसायचा. दादांनी रेघांवरून, स्पर्श न करता, हवेत बोट फिरवलं, पुढून मागे. मग माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

"माझ्या हातून झालं, साहेब," ते म्हणाले.

वहिनीसाहेब कुंकवाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. ताईने ऐकलं. मी तर दोन हातांवर होते. खरं बोलायचं तर काय बोलायचं होतं? की पूजेने गाडी खराब झाली? दसऱ्याच्या दिवशी, त्या दारात, आमच्या घरातल्या माणसाने, वहिनीसाहेबांच्या हातच्या कुंकवाला दोष द्यायचा? हे सगळं दादांनी सायकल टेकवण्याएवढ्या वेळात मनाशी पाहिलं असणार. मला ते समजायला पुढे बरीच वर्षं लागली. तेव्हा मी फक्त काढून ठेवलेल्या बांगड्या पुन्हा हातात चढवल्या.

"सणाचा दिवस आहे, मी काही बोलत नाही," साहेब म्हणाले, आणि मग दहा मिनिटं बोलले. विश्वास, जबाबदारी, श्रमाची प्रतिष्ठा, हे सगळं त्यात आलं. संध्याकाळच्या भाषणाची उजळणीही होऊन गेली असावी. हेडमास्तर मान हलवत होते. शेवटी साहेबांनी न्याय केला. "पगारे, तू दर रविवारी सकाळी येत जा. गाडी तुझ्याच हातून नीट राहिली पाहिजे. पैशाचा प्रश्न नाही, शिस्तीचा आहे. सुजाताबाईंचं काम आहे माझ्या लक्षात." ही शेवटची दोन वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली. मग वहिनीसाहेबांनी त्या रेघांवरच लहानसं स्वस्तिक काढलं आणि फोटो छान आला.

त्यानंतरच्या रविवारपासून दादा जायला लागले. रेघा घासून काढता येत नव्हत्या, थर पातळ होता; ते त्यांत मेण भरून यायचे. बुधवारपर्यंत त्या झाकलेल्या राहात, गुरुवारी दिसायला लागत, रविवारी दादा पुन्हा भरत. रविवारी आई बोंबलाची चटणी करायची, ती आता संध्याकाळी करायला लागली, कारण दादा दुपारी उशिरा यायचे आणि त्यांना नुसती भाकरी-डाळ पुरायची. आमच्या वस्तीतले लोक शेडसमोरून जाताना विचारायचे, "काय पगारे, आज बंगल्यावर का?" तेव्हा दादा पाठ करायचे, सायकलींकडे करायचे तशी.

तिसऱ्या आठवड्यात मी आणि ताई भांडलो. भांडी घासता घासता सुरू झालं. मी म्हणाले, "तूच म्हणालीस, पूस."

"म्हणाले. मग?"

"मग दादांना जाऊन सांग ना."

ताईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मी बोलले असते तर माझी नोकरी गेली असती, लग्न गेलं असतं, या घरातला पगार गेला असता. तुझं काय जाणार होतं, विशू? सांग ना. तुझं काय जाणार होतं?"

याचं उत्तर वाचलेल्या एकाही पुस्तकात मला सापडलं नाही आणि त्या दिवसांत मी बरंच शोधलं. त्या रविवारी मी दादांच्या मागे सायकलच्या कॅरिअरवर बसून बंगल्यावर गेले. दादा नको म्हणाले, परीक्षेचं कारण काढलं. मी ऐकलं नाही. रात्रभर मी वाक्य जुळवलं होतं. पोर्चमध्ये दादा पाण्याची धार सोडत होते. वहिनीसाहेब तुळशीला पाणी घालायला बाहेर आल्या तशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"वहिनीसाहेब, दसऱ्याच्या दिवशी त्या रेघा दादांनी पाडल्या नाहीत. मी पुसलं होतं."

त्यांनी तांब्या खाली केला आणि माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"हो, मग? मला माहीत नाही का? मीच सांगितलं होतं की तुला."

मी पुढचं वाक्य तयार केलेलंच नव्हतं.

"मग तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही?"

"अगं, काय सांगायचं त्यात? इतकं काय झालंय?" त्यांनी उरलेलं पाणी वृंदावनात ओतलं. "तुझा बाप गाडी छान ठेवतो. येतोय तर येऊ दे. सुजाताचंही बरंच होईल. चहा घेणार का? दुधाचा आहे." आणि त्या आत गेल्या. चहा आलासुद्धा, दोन कपांत. बाईंच्या मनात माझ्याबद्दल काहीही वाईट नव्हतं, हे मी आजही खात्रीने सांगू शकते. त्यांच्या दृष्टीने सगळं ठीक चाललं होतं.

दादांनी हे ऐकलं होतं. पोर्च काही मोठा नव्हता. ते गाडीपासून लांब, फेस थांबू देत उभे होते आणि त्यांची मान खाली होती. मला वाटलं, आता ते काही म्हणतील. रागावतील, किंवा बरं केलंस म्हणतील. त्यांनी चहाचा एक कप माझ्या हातात दिला, दुसरा पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "घे. निवंल." आपला कप त्यांनी घेतला नाही. फेस उतरल्यावर आम्ही काम केलं, उजवी बाजू त्यांनी, डावी मी. बॉनेटला मला हात लावू दिला नाही.

ताईची ऑर्डर जानेवारीत आली. टाइप केलेला, शिक्क्याचा कागद. त्यात तिचं आडनाव चुकलं होतं, पण कायम हा शब्द बरोबर होता. आईने तो कागद बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला आणि पुरण शिजायला घातलं. मुलाकडच्यांना निरोप गेला. कायम झालेल्या शिक्षकाला सहज काढता येत नाही, एवढा कायदा आमच्या वस्तीतल्या पोरालाही ठाऊक होता. शनिवारी संध्याकाळी मला फार हलकं वाटत होतं. उद्या दादा भोंग्यावर उठतील आणि पुन्हा झोपतील, असं मी स्वतःशी ठरवूनही टाकलं होतं.

रविवारी पहाटे मला बादल्यांचा आवाज आला. दादा कॅन भरत होते. मेणाचा डबा सायकलच्या पिशवीत गेला होता. आई दारात उभी होती, डोक्यावरून पदर, हात पिठाचे.

"आता कशाला?" ती म्हणाली. "ऑर्डर आली ना पोरीची?"

"सुजाताची आली," दादा म्हणाले. "गाडीवरच्या रेघा कुठं गेल्यात?"

"त्यांच्या गाडीवरच्या हायेत ना? त्यांचा रामनाथ पुसंल."

"म्हणूनच," दादा म्हणाले आणि कॅन कॅरिअरला बांधायला लागले.

साहेबांना आपली गाडी पुसायला माणूस हवा होता, तो त्यांना मिळाला. दादा भीतीपोटी जात होते, की सवयीने, की रामनाथच्या फडक्याखाली आपलं काम देववत नव्हतं म्हणून, की त्या रेघा कुणाच्या हातच्या आहेत हे लोकांना निदान बुधवारपर्यंत तरी कळू नये म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. साहेबांनी गाडी विकली तोपर्यंत ते जात राहिले, आणि त्याला बरीच वर्षं लागली. त्या सकाळी त्यांनी सायकलवर टांग टाकली तेव्हा एक कॅन अजून खालीच होता. कॅरिअरवर तो बसत नव्हता. मी चप्पल घातली, कॅन उचलून डोक्यावर घेतला आणि चालत निघाले. वळणावर दादांनी मागे पाहिलं, आणि सायकलवरून उतरून ती ढकलत माझ्याबरोबर चालायला लागले.